कान आला, तोल गेला?

ऑपरेशन करून घरी आलेल्या बाईला बघायला बायका येतात, तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, “आता ऐकू येतं का गं?” आणि दुसरा, आवाज जरा खाली करून, “किती खर्च आला?” कानाच्या ऑपरेशननंतर तिसराही एक प्रश्न विचारायला हवा, पण तो मला आजवर कुणी विचारलेला नाही. “नीट चालता येतं का?” हा तो प्रश्न. आता तुम्ही म्हणाल, कानाचा आणि चालण्याचा काय संबंध? तोच सांगायला बसले आहे.

मी भोरजवळच्या उत्रोलीत राहते. माहेर महाडचं, म्हणजे वरंध घाटाच्या पलीकडचं. वय वर्षं ५१. तिशीनंतर माझे कान हळूहळू जात राहिले. आधी कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, मग दारावरची थाप कळेना, मग फोन. श्रवणयंत्र घातलं की आवाज यायचा, पण शब्द यायचा नाही; भांड्यांचा खणखणाट मात्र थेट मस्तकात जायचा. ह्यांना मला हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा खालीवर करावं लागे. सासूबाई ७८ वर्षांच्या, कान अजून तिखट. त्या माझ्याशी हातवारे करून बोलत, आणि नवीन आलेल्या माणसाला वाटे की बहिऱ्या त्याच आहेत!

ह्यांनी फंडातून पैसे काढले, भावानं थोडे घातले, आणि गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका रुग्णालयात माझ्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्या कानाच्या अगदी आत, हाडाच्या पोकळीत, वाटाण्याएवढा एक गोगलगायीच्या शंखासारखा अवयव असतो. त्याला अडीच वेढे असतात. हाच कॉक्लिआ. त्यातल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की बाहेरून कितीही मोठा आवाज केला तरी उपयोग होत नाही. म्हणून कानामागं चीर देऊन, तिथलं हाड कोरून, त्या शंखात एक बारीक लवचिक तार सरकवतात. तारेवर बारा ते बावीस विद्युत-टोकं असतात आणि ती थेट ऐकण्याच्या नसेला चेतवतात. बाहेर कानावर एक यंत्र असतं, त्याची चकती लोहचुंबकानं डोक्याला चिकटते. ऑस्ट्रेलियातले डॉ. ग्रॅहम क्लार्क यांना ही तार शंखाच्या वेढ्यांत शिरावी कशी हेच कोडं सुटत नव्हतं. १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीत बसले असताना त्यांनी एका शिंपल्यात गवताची काडी घालून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाला लवचिक अशी पातीच वळणं घेत आत जाते, हे त्यांना तिथं कळलं. पुढल्याच वर्षी त्यांनी मेलबर्नला पहिलं ऑपरेशन केलं. त्यांचे वडील बहिरे होते, हेही मला कुठंतरी वाचायला मिळालं आणि फार बरं वाटलं. घरात कुणी बहिरं असल्याशिवाय माणूस शिंपल्यात काड्या घालत बसत नाही!

असो. माझं ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी उठून बसायला सांगितलं. मी बसले, पाय खाली सोडले आणि खोलीच्या भिंती डावीकडून उजवीकडे सरकू लागल्या. थांबेनातच. होडीत बसल्यासारखं, आणि होडीसुद्धा भाटघरच्या धरणात वारा सुटल्यावरची. उलटी झाली. डोळे मिटले तर आणखी वाईट, एका जागी टक लावून बघितलं तर थोडं बरं. तीन दिवसांत उलट्या थांबल्या, पाचव्या दिवशी घरी आले, पण डोकं वळवलं की जग अर्ध्या क्षणानं मागून यायचं. चुलीपाशी वाकले की पुढं ओढल्यासारखं होई. फळीवरचा डबा काढायला मान वर केली की भिंत धरावी लागे.

यंत्र अजून चालू व्हायचं होतं, ते जखम भरल्यावर दोन-चार आठवड्यांनी चालू करतात. म्हणजे ऐकू येणं आलेलं नाही आणि असलेला तोल गेलेला, अशी मधली अवस्था! एक दिवस मी न्हाणीकडे भिंत चाचपत जाताना सासूबाईंनी पाहिलं. त्या दिवशी हातवारे न करता अगदी तोंडासमोर येऊन, ओठ कळतील असं म्हणाल्या, “बाई गं, कान आला अन् पाय गेले का तुझे?”

ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. सात लाखांच्या वर गेलेला पैसा त्यांच्या डोळ्यांपुढं असावा. पण ते तसं एका शब्दानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “आधीच बरं होतं का गं?” ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. पुढच्या तपासणीला मी तो कागदावर लिहूनच नेला.

डॉक्टरांनी त्याच कागदाच्या पाठीवर मला आतला कान काढून दाखवला. तो मी जपून ठेवला आहे. एका बाजूला शंख, दुसऱ्या बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींना काटकोनात असतात, तशा ह्या नळ्या. डोकं कुठल्याही दिशेला फिरलं की त्यांपैकी निदान एकीतलं पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते. शंख आणि नळ्या यांच्यामध्ये दोन इवल्या पिशव्या असतात, त्यांत चुन्याचे सूक्ष्म खडे. आपण खाली जातो की वर, पुढं की मागं, कलतो की काय, हे त्या खड्यांच्या भारावरून कळतं. आणि गंमत अशी की ह्या सगळ्यांत पाणी एकच आहे. शंखातलं पाणी ते नळ्यांतलं पाणी. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांना एकच आड असावा तसं. ऐकण्याच्या बिऱ्हाडात डागडुजी काढली, तर तोलाच्या बिऱ्हाडाला धक्का बसायचाच.

धक्का बसतो तो अनेक परींनी. तार आत घालताना थोडं पाणी बाहेर झिरपतं. आतली नाजूक पडदी दुखावते, सूज येते. शंखाला सगळ्यांत लागून असलेली जी पिशवी तिला झळ सर्वांत जास्त. हाड कोरताना होणाऱ्या थरथराटानं एखादा खडा सुटून नळीत गेला तर कुशीवर वळताच गरगरतं. ती चक्कर मात्र डॉक्टर डोकं ठरावीक दिशांनी वळवून बहुधा त्याच बैठकीत घालवतात. (ते घरी आपलं आपण करू नये. कुठल्या कानातला खडा, कुठल्या नळीत, हे आधी ठरवावं लागतं.) काहींना महिन्यांनी, आतल्या पाण्याचा दाब बदलून, पुन्हा चक्करीचे झटके येतात. पण बहुतेकांची सुरुवातीची चक्कर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. आता डॉक्टर तार सावकाश सरकवतात, मुळातच असलेल्या एका गोल खिडकीवजा छिद्रातून नेतात, सूज उतरायची औषधं देतात. हे सगळं शंख आणि त्याचे शेजारी शाबूत राहावेत म्हणूनच.

आपल्याकडे हे ऑपरेशन रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव पुढं आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेच डॉक्टर चक्करीच्या दुखण्यांचेही जाणकार आहेत हे कळलं, तेव्हा मला वाटलं, बघा, ज्याला कान कळतो त्याला तोल कळावाच लागतो. आपणच दोन्ही वेगळे धरून बसतो.

आता तोलाचं. माणूस दोन पायांवर उभा राहतो तो तिघांच्या जिवावर. डोळे, आतला कान आणि पायांच्या स्नायू-सांध्यांतून येणारी खबर. तिघांतला एक लंगडा झाला तरी बाकीचे दोघे सांभाळून घेतात. त्यामुळे उजेडात, घरातल्या सपाट फरशीवर मी पंधरा दिवसांत चांगली हिंडू लागले. खरी पंचाईत अंधारात. रात्री लाईट गेली की डोळे गेले, मग कानावर भार, आणि कान तर दुखावलेला. आणि दुसरी पंचाईत शेतात. आमचं इंद्रायणी भाताचं खाचर. कापणी होऊन त्यात हरभरा टाकलेला होता. बांध वीतभर रुंद, वरून मऊ, पायाखाली दबणारा. म्हणजे पायांची खबरही भरवशाची नाही. ज्या बांधावरून मी डोक्यावर पाटी घेऊन पंचवीस वर्षं चालले, त्यावर दहा पावलांत दोनदा खाचरात उतरले. शेजारच्या काकू बघत होत्या. संध्याकाळी गावात झालं, हिला ऑपरेशन लाभलं नाही.

माझ्या मते ह्या ठिकाणी बायका एक गोष्ट करतात आणि तीच नडते. पडायच्या भीतीनं निजून राहतात, मान ताठ ठेवतात, आणि चक्कर दाबायच्या गोळ्या महिनेच्या महिने चालू ठेवतात. घरचेही कौतुकानं म्हणतात, पडून राहा, उठू नका. मला डॉक्टरांनी त्या गोळ्या चार दिवसांत बंद केल्या. कारण असं की उजव्या कानाची खबर कमी आणि डाव्याची पूर्ण येऊ लागली म्हणजे मेंदू गोंधळतो, त्यालाच आपण चक्कर म्हणतो. ह्या नव्या मापांशी मेंदूनं जुळवून घ्यायचं तर त्याला ती गडबड थोडी थोडी भोगू द्यावी लागते. गोळीनं दाबून ठेवली तर तो शिकणार कधी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात कॉथॉर्न नावाचे कानाचे डॉक्टर आणि कुक्सी नावाचे व्यायामतज्ज्ञ होते. डोक्याला मार लागलेल्या लोकांना निजवून ठेवण्याऐवजी त्यांनी मुद्दाम मान हलवायला, चेंडू झेलायला, डोळे मिटून चालायला लावलं, आणि माणसं लवकर उभी राहिली. आजचे व्यायाम त्याच वाटेवरचे आहेत.

मला फिजिओथेरपिस्ट मुलीनं जे शिकवलं ते मी स्वयंपाकघरातच बसवलं. चहाच्या पुड्यावरचं एक मोठं अक्षर डोळ्यांच्या पातळीला धरायचं आणि अक्षरावरची नजर न हलवता मान नाही-नाही म्हणाल्यासारखी फिरवायची. अक्षर नाचू लागलं तर वेग कमी करायचा. दिवसातून तीनदा, कणीक मुरेपर्यंत. मग भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून पाय जुळवून उभं राहायचं, म्हणजे कलंडलं तर दोन्हीकडे भिंत. आधी डोळे उघडे, मग मिटून. ते जमलं की दुमडलेल्या सतरंजीवर. मग ओट्याला बोट टेकवून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालायचं. पहिले आठ दिवस सासूबाईंना मी मुलांचा खेळ मांडल्यासारखी वाटले. नवव्या दिवशी त्या शेजारी पाट घेऊन बसल्या आणि मी किती वेळ उभी राहते ते मोठ्यानं मोजू लागल्या. तोवर माझं यंत्र चालू झालं होतं. त्यांचा आकडा मला ऐकू आला! सुरुवातीला सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे, माणसांचे सारखेच. पण “एकोणीस, वीस” हे शब्द होते.

यंत्र चालू असलं म्हणजे माझं पाऊलही अधिक ठाम पडतं असं मला वाटतं. डॉक्टर म्हणाले, काहींना असा अनुभव येतो. पंखा कुठं आहे, नळ कुठं गळतोय, हे आवाज खुंट्यांसारखे धरायला मिळतात. उलट क्वचित कुणाला यंत्राच्या विजेनंच भोवळ येते. तसं झालं तर यंत्र फेकून न देता ऑडिऑलॉजिस्टकडून त्याची जुळणी बदलून घ्यावी.

इथं थोडं मुलांविषयी लिहिते, कारण माझ्यासारख्यांपेक्षा मुलांचीच ऑपरेशनं जास्त होतात. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून २०१४ सालापासून पाच वर्षांच्या आतल्या जन्मतः बहिऱ्या मुलांना इम्प्लांट मिळतं. वांद्र्याची १९८३ साली निघालेली अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. तपासणीच्या दिवशी बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक आई होती. तिचं मूल ऑपरेशननंतर पडतं, म्हणून सासर तिच्यावर रागावलेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, मान कधी धरली, बसलं कधी, चालायला कधी लागलं? मूल पावणेदोन वर्षांचं झाल्यावर चालू लागलं होतं. म्हणजे तोलाचा कच्चेपणा ऑपरेशनच्या कितीतरी आधीचा! जन्मतः ठार बहिऱ्या असलेल्या बऱ्याच मुलांचा तोलाचा भागही मुळात अधू असतो, कारण एकच पाणी, एकच जडणघडण. मान चार महिन्यांत, आधारावाचून बसणं नऊ महिन्यांपर्यंत, चालणं दीड वर्षापर्यंत यायला हवं. बहिऱ्या बाळाला यात उशीर झाला तर ‘अंगानं जड आहे, चालेल सावकाश’ म्हणून सोडू नये. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना ते सांगावं. मेंदूज्वरानं बहिरेपण आलेल्या मुलाचा तोलही बहुधा सोबत जातो, आणि तिथं घाईही असते, कारण शंखात हाड भरू लागतं आणि मग तारेला जागा उरत नाही. काही मुलं बहिरी, उशिरा चालणारी आणि पुढं रात्री न दिसणारी अशी असतात. त्यांचे डोळे लवकर तपासायला हवेत. आणि दोन्ही कानांचा तोल गेलेल्या मुलाला विहिरीत किंवा धरणात एकट्यानं कधीही उतरू देऊ नये. पाण्याखाली डोळ्यांना दिसत नाही, पायांना जमीन नाही, मग वर कुठं आणि खाली कुठं हेच त्याला कळत नाही. आमच्याकडे पोरं उन्हाळाभर विहिरीवर असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

ह्याशिवाय इम्प्लांट झालेल्या कुणालाही ताप, मान आखडणं आणि जोराची डोकेदुखी एकदम झाली, किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव सारखा येऊ लागला, तर त्या दिवशीच दवाखाना गाठावा. मेंदूज्वराची लस ऑपरेशनआधी टोचतात ती ह्याच भीतीनं.

आता माझ्या डाव्या कानाचं. उजव्यानं मला आता फोनवर बहिणीशी बोलता येतं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. पण एका कानाला आवाजाची दिशा कळत नाही. हे ओसरीवरून हाक मारतात की परसातून, समजत नाही. रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला की मी जागीच उभी राहते. लग्नाच्या गलक्यात अजूनही शब्द हरवतात. दोन्ही कानांना इम्प्लांट असलं तर ह्यात पुष्कळ फरक पडतो. म्हणून भाऊ म्हणतो, ताई, डावाही करून टाक, पैशांचं बघू.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी माझी तोलाची चाचणी पुन्हा घेतली. कानात आधी गार आणि मग कोमट हवा सोडतात. आतलं पाणी त्यानं हलतं आणि डोळे आपोआप झटके देतात. ते झटके मोजायचे. व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बारानी यांनी ही युक्ती शोधली. कान धुताना पाणी फार गार झालं तर रोगी गरगरतो ह्यावरून त्यांना ती सुचली, आणि १९१४ सालचं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियनांच्या कैदेत होते. माझ्या ऑपरेशनआधी दोन्ही कान साधारण सारखे होते. आता उजव्याचे झटके जवळजवळ नाहीतच. डावा ठणठणीत.

डॉक्टरांनी आग्रह कुठलाच केला नाही. एवढंच म्हणाले, “तुमचा सगळा तोल आता डाव्या कानावर उभा आहे. तिथं तार घातली आणि काही बिघडलं नाही तर उत्तमच. बहुतेकांचं बिघडत नाही. पण बिघडलं, तर राखायला दुसरा कान नाही.” हे विचारायचे ते म्हणाले, “म्हणजे ऐकायचं की चालायचं?” डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

आम्ही दोघांनी घरी येऊन पुष्कळ बोलून घेतलं. आता बोलता येतं ना! शहरात, सपाट रस्त्यावर, रात्रभर दिव्यांच्या उजेडात राहणारी बाई असते तर मी कदाचित दुसरा कानही केला असता. माझ्यासारखी परिस्थिती असलेल्या कुणी केला तर मी तिला वेडी म्हणणार नाही. पण माझं जगणं बांधावरचं, पावसाळ्यात वीज जाणारं, आणि वयाबरोबर डोळे-गुडघे कमीच होणार. तेव्हा डाव्या कानात तूर्त श्रवणयंत्रच. वर्षानं पुन्हा चाचणी करायची आणि मग बघायचं. भावाला हे पटलेलं नाही. त्याचा फोन दर रविवारी येतो आणि दर रविवारी तो हेच म्हणतो.

मात्र न्हाणीकडे जायच्या वाटेवर ह्यांनी बॅटरीवर चालणारा दिवा बसवून घेतला आहे. गेल्या आठवड्यात लावणीला मी खाचरात उतरले होते, गुडघाभर चिखलात, हातात काठी. बांधावरून पलीकडे जाताना काठी टेकली, पण खाली उतरले नाही. काकू आपल्या खाचरातून बघत होत्या. काहीतरी म्हणाल्या. काय ते ऐकू आलं, पण कुठल्या बाजूनं ते कळायला मला मान वळवून शोधावं लागलं.